पोटातलं यीस्ट ‘वाढलंय’ म्हणजे नक्की काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये काम करते. हातात मलतपासणीचा रिपोर्ट आणि चेहऱ्यावर धास्ती घेऊन आलेली माणसं रोज पाहते. ‘पोटात बुरशी झालीय’ असं कुणीतरी सांगितलेलं असतं आणि त्या एका वाक्यावर महिनोन् महिने पथ्य आणि औषधं चाललेली असतात. सगळ्यांत जास्त वेळा कानावर येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे आहेत. तुमच्या डॉक्टरांचा सल्ला मात्र याहून मोठा, कारण तुम्हाला तपासलेलं असतं ते त्यांनी.

पोटात यीस्ट असणं हाच आजार आहे का?

नाही. यीस्ट म्हणजे एकपेशीय बुरशी. तिच्यातला कॅन्डिडा हा गट तोंडात, आतड्यात, त्वचेवर आणि योनिमार्गात कितीतरी निरोगी माणसांच्या अंगी कायमचा वस्तीला असतो. त्यातही सगळ्यांत जास्त आढळते ती कॅन्डिडा अल्बिकन्स ही जात. आतड्यातल्या एकूण सूक्ष्मजीवांत बुरशीचा वाटा अगदी किरकोळ आहे. जनुकांच्या मोजणीत तो 0.1 टक्क्याच्याही आत भरतो, बाकी सगळं राज्य जीवाणूंचं. हे जीवाणू जागा अडवून ठेवतात, अन्न संपवतात आणि बुरशीला न मानवणारी आम्लं तयार करतात. आतड्याचं अस्तर आणि प्रतिकारशक्ती यांचाही पहारा असतोच. हे सगळं जागेवर असेल तर यीस्ट आयुष्यभर गपगुमान राहतं.

मग ते वाढतं कशामुळे?

पहारा ढिला पडला की. सगळ्यांत नेहमीचं कारण अँटिबायोटिक. ही औषधं जीवाणू मारतात, बुरशीला धक्का लावत नाहीत. जीवाणूंनी रिकामी केलेली जागा मग यीस्ट घेतं. बहुतेकांच्या बाबतीत कोर्स संपल्यावर जीवाणू परततात आणि घडी पुन्हा बसते.

बाकी कारणंही ठरलेली आहेत: ताब्यात नसलेला मधुमेह, जास्त दिवस घेतलेली स्टेरॉइड्स, केमोथेरपी, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं, उपचार न झालेला एचआयव्ही. पोटातलं आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या महिनोन् महिने चालू असणं आणि आतड्याची हालचाल मंदावणं या दोन गोष्टी लहान आतड्यापुरत्या महत्त्वाच्या आहेत. त्यांच्याकडे पुढे येऊ.

यीस्ट नुसतं संख्येने वाढलं म्हणून लगेच नुकसान होतं असंही नाही. कॅन्डिडा अल्बिकन्स दोन रूपांत राहते. एरवी ती गोल, बाजूला कोंब फुटणारी पेशी असते. परिस्थिती अनुकूल झाली की तिला लांब धागे फुटतात आणि हे धागे अस्तरात घुसू शकतात. धाग्याच्या रूपात ती कॅन्डिडालायसिन नावाचं विष सोडते आणि त्याने अस्तराच्या पेशींना भोकं पडतात. या विषाचा शोध 2016 साली लागला. तोवर कॅन्डिडा पेशींना इजा नेमकी कशी करते हे नीट उलगडलेलं नव्हतं.

थकवा, डोकं जड होणं, गोड खावंसं वाटणं, सांधे दुखणं, मूड बिघडणं, हे सगळं पोटातल्या कॅन्डिडामुळे होतं असं वाचलं. खरं आहे का?

या प्रश्नाला सविस्तर उत्तर द्यायलाच हवं, कारण सगळ्यांत जास्त पैसा आणि उमेद इथेच खर्ची पडते.

ही कल्पना अमेरिकेतली. ऑरियन ट्रस या डॉक्टरांनी 1970 च्या दशकाच्या शेवटी ती मांडली आणि विल्यम क्रूक या बालरोगतज्ज्ञांनी 1980 च्या दशकात घरोघर पोचवली. आतड्यातलं यीस्ट वाढतं, त्याची विषं रक्तात उतरतात, शरीर त्यांना ॲलर्जीसारखी प्रतिक्रिया देतं आणि त्यातून जवळजवळ कुठलाही त्रास होऊ शकतो, असं त्यांचं म्हणणं. लक्षणांची भलीमोठी प्रश्नावली भरायची आणि गुण जास्त आले की निदान झालं. तुम्ही आज मोबाइलवर जी प्रश्नावली भरता, ती बहुतेक याच घराण्यातली असते.

1986 साली अमेरिकेतल्या ॲलर्जी तज्ज्ञांच्या संघटनेने या कल्पनेला पुरावा नसल्याचं जाहीर केलं. त्यांचा एक मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो: लक्षणांची यादी इतकी मोठी आहे की कुठल्याही आजारी माणसाला ती कधी ना कधी लागू पडणारच. पुढे 1990 मध्ये अलाबामा विद्यापीठाच्या डॉक्टरांनी प्रत्यक्ष चाचणी घेतली. हा ‘सिंड्रोम’ (यीस्टच्या माथी मारलेला लक्षणांचा समूह) असल्याचं मानलं गेलेल्या 42 स्त्रियांना आळीपाळीने निस्टॅटिन हे बुरशीनाशक आणि औषध नसलेली हुबेहूब गोळी दिली. कुठली कधी चालू आहे हे त्यांना माहीत नव्हतं. योनिमार्गाचा त्रास निस्टॅटिनने कमी झाला. थकवा, उदासी, अंगदुखी यांत मात्र दोन्हीकडे सारखाच उतार पडला. थोडक्यात, बऱ्याच जणींना बरं वाटलं, पण ते बुरशी मेल्यामुळे नव्हे.

याचा अर्थ तुमचा थकवा खोटा आहे असा अजिबात होत नाही. थकवा खराच आहे, त्यावर चिकटवलेलं नाव चुकीचं असण्याची शक्यता मोठी आहे. चुकीच्या नावाचं खरं नुकसान हे की योग्य नाव शोधणं तिथेच थांबतं. रक्त कमी असलेली, थायरॉइड मंदावलेली, बी12 तळाला गेलेली माणसं वर्षभर ‘यीस्टचं पथ्य’ पाळत राहतात आणि साधी रक्ततपासणी राहून जाते. हे पाहून मला मनापासून वाईट वाटतं.

मग यीस्टमुळे पोटाला खरे आजार होतच नाहीत का?

होतात, आणि त्यांची ओळख ठरलेली आहे.

पहिला अन्ननलिकेतला. गिळताना दुखतं, घास छातीत अडकल्यासारखा वाटतो. एन्डोस्कोपीत अन्ननलिकेच्या भिंतीवर पांढरे, चिकटून बसलेले चट्टे दिसतात. प्रतिकारशक्ती खालावलेल्यांत हा जास्त आढळतो, दम्यासाठी स्टेरॉइडचा पंप ओढणाऱ्यांतही होऊ शकतो. पंप घेतल्यावर चूळ भरायला सांगतात ते याचसाठी. उपचाराने हा बरा होतो.

दुसरा लहान आतड्यातला, आणि त्याच्याकडे अलीकडेच लक्ष जाऊ लागलंय. पोट फुगणं, गॅस, ढेकर, मळमळ, जुलाब अशा तक्रारी असतात, पण सगळ्या तपासण्या नॉर्मल येतात. अशा काही रुग्णांच्या लहान आतड्यातला द्रव एन्डोस्कोपीतून काढून तपासला तर त्यात बुरशी बरीच आढळते. दर मिलिलिटरला 1000 पेक्षा जास्त वसाहती (वाढवल्यावर दिसणारे पेशींचे पुंजके) ही सध्याची रेघ. मोठ्या केंद्रांत पाठवलेल्या, कारण न सापडलेल्या रुग्णांपैकी साधारण चौथ्या हिश्शात हे दिसल्याचं अमेरिकेतल्या अभ्यासांत आलंय. आकडा मोठा वाटतो, पण ते आधीच चाळून आलेले रुग्ण होते. जेवणानंतर पोट जड होणाऱ्या प्रत्येकाला तो लावता येत नाही. बुरशी मारल्यावर लक्षणं किती आणि किती काळ जातात याचे मोठे, भक्कम अभ्यासही अजून व्हायचे आहेत. तरीही हा आजार ‘सिंड्रोम’पेक्षा वेगळ्या पंक्तीतला आहे, कारण इथे नमुना काढता येतो, मोजता येतो आणि चूक असेल तर चूक ठरवता येते.

क्रोन्ससारख्या आतड्याच्या दाहाच्या आजारांत बुरशीचा हात आहे का, यावर जोरात संशोधन चालू आहे. क्रोन्सच्या बऱ्याच रुग्णांच्या रक्तात यीस्टविरुद्धच्या अँटिबॉडी सापडतात. मात्र बुरशीमुळे दाह होतो की दाहामुळे बुरशीला वाव मिळतो, हे ठरलेलं नाही.

माझ्या स्टूल रिपोर्टमध्ये ‘यीस्ट पेशी आढळल्या’ असं आलंय. काय समजायचं?

बहुतेक वेळा काहीही नाही. तो रिपोर्ट कसा तयार होतो ते सांगते, म्हणजे पटेल.

मलाचा कणभर नमुना काचपट्टीवर सलाइनच्या थेंबात कालवून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. यीस्टच्या पेशी गोल किंवा लांबट, चकचकीत कडेच्या दिसतात, काहींना बाजूला छोटा कोंब आलेला असतो. दिसल्या की लिहायच्या, कारण दिसलं ते लिहिणं हे आमचं काम. त्या कॅन्डिडाच्या आहेत, तोंडातून गिळल्या गेल्यात की कालच्या जेवणातून आल्यात, हे त्या काचेवरून कळत नाही. कल्चर लावलं, म्हणजे नमुना प्लेटमधल्या पोषक माध्यमावर वाढवला, तर साबुरो नावाच्या माध्यमावर एक-दोन दिवसांत सायीच्या रंगाच्या मऊ वसाहती उठतात आणि प्लेटचं झाकण उघडलं की आंबवलेल्या पिठासारखा वास येतो. त्यातल्या पेशी रक्तद्रवात मिसळून 37 अंशांवर दोन-तीन तास ठेवायच्या. पेशीतून सरळ नळी फुटली तर बहुधा अल्बिकन्स. जात ओळखता येते ती अशी. मात्र कुठलीही प्लेट ‘ही बुरशी या माणसाला त्रास देतेय’ असं सांगू शकत नाही. निरोगी माणसाची प्लेट हुबेहूब अशीच दिसते.

आणखी एक गोष्ट रुग्णांना सहसा कुणी सांगत नाही. नमुना सकाळी घेऊन दुपारपर्यंत तसाच बाहेर राहिला तर यीस्ट त्या डबीतच वाढतं. मग रिपोर्टमध्ये ‘भरपूर’ असा शब्द येतो आणि घरात काळजी सुरू होते. नमुना वेळेत पोचवा. निव्वळ त्या एका ओळीवर औषध सुरू करू नका.

सकाळी उठून ग्लासभर पाण्यात थुंकायचं, तंतू खाली उतरले तर कॅन्डिडा आहे, ही तपासणी बरोबर आहे का?

नाही. लाळ किती घट्ट आहे, रात्री तोंड उघडं राहिलं का, पाणी किती प्यायलात, यावर ते तंतू अवलंबून असतात. त्यातून बुरशीबद्दल काहीही कळत नाही.

रक्तातल्या कॅन्डिडा अँटिबॉडी वाढल्यात म्हणून सांगितलंय.

ज्या जीवाशी शरीराची जन्मभर गाठ आहे, त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी असणारच. निरोगी लोकांतही त्या सापडतात. फक्त या आकड्यावरून आतड्यात बुरशी वाढल्याचं निदान करता येत नाही.

साखर आणि पिठूळ पदार्थ पूर्ण बंद करावेत का?

यीस्ट साखरेवर वाढतं, म्हणून साखर तोडली की ते उपाशी मरेल, हा तर्क ऐकायला सरळ वाटतो. पण आपण खाल्लेली साखर लहान आतड्याच्या वरच्या भागातच बहुतांशी रक्तात शोषली जाते. यीस्टची मुख्य वस्ती त्याच्या कितीतरी खाली, मोठ्या आतड्यात. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 28 निरोगी लोकांना मुद्दाम जादा साखर खायला दिली. आतड्यातल्या कॅन्डिडावर त्याचा परिणाम अगदी मर्यादित दिसला.

मग पथ्य केल्यावर बरं का वाटतं? कारण त्या पथ्यात गोड, दारू, तळलेलं, पाकीटबंद खाणं सगळंच सुटतं. शिवाय गहू, कांदा, काही फळं, कडधान्यं यांतली आंबणारी कर्बोदकंही कमी होतात. चिडक्या आतड्याच्या (आयबीएस) रुग्णांना त्यानेच गॅस कमी होतो. फायदा खरा, श्रेय चुकीच्या खात्यावर. गोड कमी करायला माझी ना नाही, मधुमेह असेल तर ते हवंच. पण फळं, धान्यं, दूध सगळं तोडून वजन घटवून घेतलेली आणि घरच्यांसोबत जेवायला बसणंही सोडून दिलेली माणसं पाहिली की मी स्पष्ट सांगते, एवढं कडक पथ्य आहारतज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय करू नका. वाढत्या वयाच्या मुलांना तर नकोच.

पावातलं यीस्ट पोटात जाऊन वाढतं का?

भट्टीच्या उष्णतेत ते मरतं. शिवाय ती जात वेगळी आहे, कॅन्डिडा नव्हे.

दारूला हात न लावता माणूस झिंगतो, असा काही आजार खरंच आहे?

आहे, पण फार दुर्मिळ. आतड्यातलं यीस्ट, बहुतेकदा सॅकरोमायसिस (पावातल्या यीस्टचा गट) किंवा कॅन्डिडा, खाल्लेल्या कर्बोदकांपासून अल्कोहोल तयार करतं आणि तेवढ्याने नशा चढते. काही रुग्णांत हे काम जीवाणूही करतात. जपानमध्ये या आजाराची वर्णनं गेल्या शतकातच प्रसिद्ध झाली. जेवणानंतर बोबडी वळणं, तोल जाणं, तोंडाला दारूचा वास येणं अशी लक्षणं असतात. घरचे विश्वास ठेवत नाहीत, पोलीस तर नाहीतच. 2024 साली बेल्जियममधल्या ब्रूज शहरात दारू पिऊन गाडी चालवल्याचा आरोप असलेल्या एका माणसाची याच कारणाने निर्दोष सुटका झाली. तीन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे तपासून निदान पक्कं केलं होतं.

तपासणी देखरेखीखाली होते. रुग्णाला ग्लुकोज पाजतात आणि ठरावीक वेळाने रक्तातलं अल्कोहोल मोजतात. उपचारात बुरशीनाशक औषध आणि काही काळ कमी कर्बोदकांचा आहार असतो. यीस्टसाठी म्हणून आहार बदलण्याला भक्कम कारण आहे अशी ही या पानावरची एकमेव जागा.

बुरशीनाशक गोळ्या घेऊन बघायला काय हरकत आहे?

हरकत आहे. नेहमीची दोन औषधं घेऊ. निस्टॅटिन 1950 साली एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राउन या दोन अमेरिकी शास्त्रज्ञ स्त्रियांनी मातीतल्या एका जीवाणूपासून शोधलं. ते आतड्यातून रक्तात जवळजवळ शोषलंच जात नाही, म्हणून तसं सौम्य. फ्लुकोनॅझोल मात्र सगळ्या शरीरात पसरतं आणि इतर औषधांशी त्याचं बिनसतं. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनसोबत घेतलं तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. मधुमेहाच्या काही गोळ्यांसोबत साखर एकदम खाली येऊ शकते. हृदयाची लय बिघडवू शकणाऱ्या औषधांसोबत तर जपूनच. यकृतावर लक्ष ठेवावं लागतं, आणि गरोदरपणात स्वतःच्या मनाने मुळीच घ्यायचं नाही.

मला जास्त घोर लागतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. उगाच आणि अर्धवट घेतलेल्या गोळ्यांमुळे औषधाला दाद न देणाऱ्या जाती मागे उरतात. बुरशीवरच्या औषधांचे प्रकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. 2009 साली जपानमध्ये एका रुग्णाच्या कानातून प्रथम वेगळी केलेली कॅन्डिडा ऑरिस आज कितीतरी देशांच्या अतिदक्षता विभागांत ठाण मांडून आहे आणि अनेक औषधांना जुमानत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये धोकादायक बुरशींची यादी काढली, त्यात सगळ्यांत वरच्या गटात ती आणि कॅन्डिडा अल्बिकन्स दोघीही आहेत.

औषध सुरू केल्यावर त्रास वाढला. ‘बुरशी मरतेय, विषं बाहेर पडतायत’ असं सांगितलं. थांबू की चालू ठेवू?

थांबा आणि डॉक्टरांना विचारा. जंतू मरताना ताप, थंडी, अंगदुखी उसळण्याचा प्रकार वैद्यकात आहे, पण त्याची खरी ओळख सिफिलिससारख्या मळसूत्री आकाराच्या जीवाणूंच्या उपचारात पटलेली आहे. आतड्यातल्या यीस्टबाबत तसा पुरावा नाही. पुरळ, उलट्या, डोळे पिवळे होणं, लघवी गडद होणं ही औषधाची रिअॅक्शन असू शकते. त्रास वाढतोय म्हणजे औषध लागू पडतंय, असं म्हणून कुणी तुम्हाला रेटत असेल तर ऐकू नका.

प्रोबायोटिक, ओरेगॅनो तेल, कॅप्रिलिक ॲसिड, लसणाच्या कॅप्सूल?

शेवटच्या तिघांनी प्रयोगशाळेतल्या प्लेटवर बुरशी मरते. प्लेटवर तर बऱ्याच गोष्टींनी मरते. माणसाच्या आतड्यात त्यांचा उपयोग होतो असं दाखवणाऱ्या नीट चाचण्या नाहीत.

प्रोबायोटिकचं, म्हणजे पोटासाठी मुद्दाम घ्यायच्या जिवंत सूक्ष्मजीवांचं, वेगळं. सॅकरोमायसिस बुलार्डी हे स्वतःच एक यीस्ट आहे, आणि अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब टाळायला त्याचा उपयोग होतो. पण अतिदक्षता विभागातल्या, मोठ्या शिरेत नळी घातलेल्या किंवा प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या रुग्णांत हेच यीस्ट रक्तात उतरल्याच्या नोंदी आहेत. अशा रुग्णाला भेटायला जाताना ‘पोटासाठी चांगलं’ म्हणून ही पुडी नेऊ नका, त्याच्या खोलीत ती फोडूही नका.

अंगावरून पांढरं जाणं पुन्हा पुन्हा होतं. ते पोटातल्या यीस्टमुळे का?

चारपैकी साधारण तीन स्त्रियांना योनिमार्गाचा यीस्ट संसर्ग आयुष्यात एकदा तरी होतो. खाज, आग, दह्यासारखा घट्ट स्राव ही त्याची लक्षणं. आतडं हा त्या यीस्टचा एक साठा असू शकतो, पण त्यासाठी ‘पोट साफ’ करणं हा उपाय नव्हे. वर्षात तीन किंवा जास्त वेळा झालं तर स्राव कल्चरला पाठवा, कारण जात वेगळी असेल तर नेहमीची गोळी चालत नाही. रक्तातली साखर तपासा. मधुमेहाच्या गोळ्यांत लघवीवाटे साखर बाहेर टाकणारा एक गट आहे, त्यानेही हा त्रास वाढतो, तेव्हा डॉक्टरांना गोळ्यांची नावं दाखवा. आणि निदान पक्कं झालं तर काही महिने आठवड्याला एक गोळी अशी उपचाराची पद्धत आहे. संकोचाने वर्षानुवर्षं सोसत बसलेल्या बायका मला भेटतात, म्हणून एवढं लिहिलं.

आतड्यातलं यीस्ट रक्तात जाऊ शकतं का?

हिंडत्याफिरत्या, निरोगी माणसात नाही. त्यासाठी बऱ्याच गोष्टी एकत्र याव्या लागतात: जबर अँटिबायोटिकने जीवाणू साफ झालेले, केमोथेरपीने किंवा शस्त्रक्रियेने आतड्याचं अस्तर फाटलेलं, आणि पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या. रुग्णालयातल्या अशा रुग्णांत हा संसर्ग जीवघेणा ठरतो. सुरुवातीला दिसतो तो फक्त अँटिबायोटिकला दाद न देणारा ताप. तिथे तासांना किंमत असते.

सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, तरी पोट फुगतंच आणि अंगात त्राण नाही. आता काय करू?

आधी एक यादी संपवा: हिमोग्लोबिन आणि लोह, थायरॉइड, बी12, डी जीवनसत्त्व, रक्तातली साखर, सीलिॲक आजाराची (गव्हातलं ग्लूटेन न सोसणारं आतडं) रक्ततपासणी. झोप कशी आहे, घोरता का, मन उदास आहे का, हेही त्याच यादीत, आणि तितकंच महत्त्वाचं. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांसमोर मांडा, विशेषतः ॲसिडिटीची गोळी. ती कधी आणि कशासाठी सुरू झाली हे अनेकांना आठवतही नाही.

दोन आठवडे वहीत लिहून ठेवा: काय खाल्लं, पोट कधी फुगलं, शौचाला कसं झालं, झोप किती लागली. ‘मला कॅन्डिडा आहे’ असं सांगण्यापेक्षा ही वही पुढे ठेवा, डॉक्टरांना तिचा जास्त उपयोग होतो. चिडकं आतडं, लॅक्टोज न पचणं, लहान आतड्यात जीवाणू वाढणं, बद्धकोष्ठ ही कारणं यीस्टपेक्षा कितीतरी जास्त आढळतात. हे सगळं तपासून झालं, तुम्हाला आतड्याची हालचाल मंदावण्याचा आजार असेल किंवा पोटाची शस्त्रक्रिया झालेली असेल, तर लहान आतड्यातल्या बुरशीबद्दल पोटविकारतज्ज्ञांना जरूर विचारा. तो प्रश्न तिथे रास्त आहे.

थांबायचं नाही, लगेच जायचं, असं कधी?

गिळताना दुखत असेल किंवा घास अडकत असेल. शौचातून रक्त जात असेल किंवा शौच काळी होत असेल. न ठरवता वजन उतरत असेल. रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, न उतरणारा ताप, थांबत नसलेल्या उलट्या. मोठ्या माणसाच्या तोंडात काही कारण नसताना पांढरा थर धरत असेल आणि तो पुसला तर खाली लाल, दुखरं दिसत असेल, तर साखरेची आणि एचआयव्हीची तपासणी करून घ्या. केमोथेरपी चालू असताना ताप आला तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच रुग्णालय गाठा.